गिळलेला कांटा आणि महारोहिणी

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि सारें आयुष्य मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेलें. अशा माणसानें वैद्यकाच्या विषयावर बोलावयास बसावें, हें कित्येकांस धाडसाचें वाटेल. पण मी रोगाची चिकित्सा सांगण्यास आलेलों नाहीं. एका दुखण्याचा इतिहास सांगण्यास आलों आहें. या इतिहासाशीं माझा संबंध एका मृत्यूमुळें जडला, तेव्हां आरंभ तेथूनच करतों.

१९६९ सालचा पावसाळा नुकताच सरला होता. मी तेव्हां अकरा वर्षांचा होतों. माझे धाकटे मामा वेंगुर्ल्यानजीकच्या एका खेड्यांत राहत. तें खेडें त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. मामांचें वय एकतीस, अंगानें धट्टेकट्टे, आणि भजनाचा विलक्षण नाद. एका बुधवारीं रात्रीं तांबोशीच्या डोक्याच्या कालवणाबरोबर जेवतांना त्यांच्या घशांत कांहीं टोंचलें. घरच्या वडील मंडळींनीं जें सर्व कोंकणांत करतात तेंच केलें. भाताचा कोरडा गोळा न चावतां गिळावयास दिला आणि त्यावर केळें दिलें. टोंचणी खालीं सरकली असें मामांना वाटलें, आणि सर्वांचा जीव खालीं पडला. दुसऱ्या दिवसापासून मात्र छातीच्या मधोमध, पाठीकडे जाणारी कळ येऊं लागली. तालुक्याच्या गांवीं एका डॉक्टरांनीं विजेरीच्या उजेडांत घसा पाहिला. कांटा कोठें दिसत नाहीं, ओरखडा उठला असेल, असें सांगून गोळ्या दिल्या. आठव्या दिवशीं सकाळीं मामांनीं अर्धी वाटी लालभडक रक्त ओकलें. घर घाबरून गेलें. परंतु रक्त तेवढ्यावरच थांबलें, आणि दुपारपर्यंत छातींतली कळहि नाहींशी झाली. पुढचे दोन दिवस मामा हिंडत-फिरत होते. पेज सोडून ते भात जेवूं लागले. "वाईट होतें तें पडून गेलें," असें आजीनें शेजारणीस सांगितल्याचें मला अजून आठवतें. तिसऱ्या रात्रीं ते एकाएकीं उठून बसले, तोंडावाटे रक्ताचा लोट आला, आणि कोणी कंदील मोठा करीपर्यंत सर्व आटोपलें.

कोणी करणी म्हणालें, कोणी क्षय म्हणालें, कोणी पोटांतला व्रण फुटला म्हणालें. कांट्याचें नांव कोणीहि घेतलें नाहीं. कारण कांटा तर केव्हांच खालीं गेला होता.

मामांची शवपरीक्षा झाली नव्हती, म्हणून मृत्यूचें कारण छातीठोकपणें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु निवृत्त झाल्यावर माझ्या डॉक्टर पुतण्याच्या कपाटांतील एका ग्रंथांत मीं एक वर्णन वाचलें आणि पुस्तक मिटून कांहीं वेळ तसाच बसून राहिलों. छातींत कळ, मग थोडासा रक्तस्राव, मग कांहीं तास किंवा कांहीं दिवस अगदीं स्वस्थतेचे, आणि शेवटीं एकाएकीं प्राणघातक रक्तस्राव. या क्रमाला वैद्यकांत हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाचें नांव आहे, आणि त्यानें तो मांडला तें साल १९१४. म्हणजे मामांच्या आधीं पंचावन्न वर्षें ही गोष्ट छापून झाली होती.

हें घडतें कसें, तें समजण्यासाठीं छातीच्या आंत थोडें डोकावावें लागेल. अन्ननलिका ही सुमारें पंचवीस सेंटिमीटर लांबीची, म्हणजे वीतभराहून किंचित् अधिक, अशी मऊ स्नायूंची नळी आहे. ती सर्वत्र सारख्या रुंदीची नाहीं. तिचा सर्वांत अरुंद भाग तोंडाशींच आहे, आणि बहुतेक वस्तू अडकतात त्या तेथेंच. त्याच्या खालीं दुसरी अडचण येते ती महारोहिणीच्या कमानीपाशीं. आमच्या वेळच्या पुस्तकांत जिला महारोहिणी म्हणत, तिलाच हल्लींच्या क्रमिक पुस्तकांत महाधमनी म्हणतात. हृदयांतून निघालेली ही अंगठ्याएवढ्या जाडीची वाहिनी वर जाऊन डावीकडे वळते आणि मग पाठीच्या कण्याला धरून खालीं उतरते. वळतांना ती अन्ननलिकेला डाव्या बाजूनें किंचित् दाबते, आणि पुढें दोघी कांहीं अंतर शेजारणीप्रमाणें लागून चालतात. दोघींच्या मध्यें अंतर कांहीं मिलिमीटरांचें. त्यांतून, पोटांतील आंतड्यांवर बाहेरून जें पातळ गुळगुळीत वेष्टन असतें, तें अन्ननलिकेच्या छातींतील भागावर नाहीं. अर्थात् आंतून एखादें अणकुचीदार हाड रुतलें, तर त्याला अडविणारें फारसें कांहीं उरत नाहीं.

परंतु हाड एकदम महारोहिणींत शिरतें असें क्वचितच घडतें. बहुधा तें प्रथम अन्ननलिकेच्या भिंतींत रुतून बसतें. तोंडांतील असंख्य जंतु त्या वाटेनें बाहेर पडतात, आसपास पू होतो, आणि त्या पुवानें महारोहिणीची भिंत दिवसेंदिवस कुजत जाते. एके दिवशीं तिला टांचणीच्या अग्राएवढें भोंक पडतें. हाच तो पहिला, थोडासा रक्तस्राव. रक्त जातांच त्याचा दाब उतरतो, वाहिनी आंखडते, भोंकावर रक्ताची गुठळी बसते आणि वाट बुजते. रोग्यास हलकें वाटतें. पण ती गुठळी म्हणजे धरणाच्या भिंतीला पडलेल्या भगदाडांत कोंबलेली चिंधी! दाब पुन्हां चढला, किंवा पुवानें गुठळी विरघळली, कीं ती निघून जाते. निरोगी माणसाचें हृदय मिनिटाला सुमारें पांच लिटर रक्त महारोहिणींत ढकलतें, आणि शरीरांतील एकंदर रक्तहि जवळजवळ तेवढेंच असतें. यावरून मामांच्या खोलींत कंदील मोठा करण्यासहि सवड कां मिळाली नाहीं, तें ध्यानांत येईल.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर माझें भाषण ऐकून कित्येक घरांत मासळी बंद होईल! गिळलेल्या वस्तूंपैकीं शंभरांत ऐशीं ते नव्वद आपोआप पोटांतून निघून जातात. उरलेल्यांपैकीं बहुतेक दुर्बिणीनें काढतां येतात. शस्त्रक्रिया शंभरांत जेमतेम एकास लागते. महारोहिणीपर्यंत पोंचणारें हाड त्याहूनहि पुष्कळ विरळा. आपण पाहतों आहों ती गोष्ट दुर्मिळ आहे. परंतु ती ज्या घरांत घडते त्या घराला दुर्मिळपणाचा कांहीं उपयोग नसतो.

घशांत अडकलेल्या हाडाचा विचार माणसानें फार प्राचीन काळापासून केला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसावा अध्याय शल्य काढण्याच्या उपायांचा आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें वैद्य जादवजी त्रिकमजी आचार्यांनीं संपादिलेली ही संहिता डल्हणाच्या टीकेसह छापली. ती अजूनहि जुन्या ग्रंथालयांत पाहावयास मिळते. त्या अध्यायांत मला सर्वांत नवल वाटलें तें हें कीं, अन्नाचा घांस अडकणें आणि हाड अडकणें या दोन गोष्टी सुश्रुतानें निरनिराळ्या मानल्या आहेत. घांस अडकला असेल तर रोग्याला न कळत खांद्यावर मुठीनें ठोसा द्यावा, किंवा तेल, मद्य वा पाणी पाजावें. हाड आडवें अडकलें असेल तर मात्र केसांचा गुंतवळा बळकट दोऱ्याला बांधून पातळ अन्नाबरोबर गिळावयास लावावा, रोग्याला ओकारी करवावी, आणि हाड गुंतवळ्यांत अडकलें असें समजतांच दोरा झटक्यानें ओढावा. तें न जमल्यास दांत घासण्याच्या काडीच्या मऊ कुंचल्यानें तें काढावें अथवा आंत लोटावें. म्हणजे लोटण्याचा उपाय सुश्रुतालाहि ठाऊक होता. पण तो त्यानें शेवटीं ठेवला, आणि तोहि मऊ कुंचल्यानें. आमच्या भाताच्या गोळ्यानें तो पहिला करून टाकला. आज या उपायांपैकीं ओकारीचा उपाय करूं नये असेंच डॉक्टर सांगतात, कारण ओकारीच्या जोरानें रुतलेलें हाड अधिक फाडतें. पण जें अडकलें आहे त्याचा स्वभाव आधीं ओळखा, मग हात घाला, हा त्यांतला विचार जुना झालेला नाहीं.

युरोपांत अनेक शतकें लोटण्याचाच उपाय चालला. देवमाशाच्या जबड्यांतील लवचीक पट्टीच्या टोंकाला स्पंजाचा बोळा बांधलेलें एक हत्यार वैद्य जवळ बाळगीत; तें घशांत घालून अडकलेली वस्तु पोटांत ढकलीत. तें आंत काय करतें तें दिसण्याचा मार्ग नव्हता. इ. स. १८१८ मध्यें द्युब्रुई नांवाच्या फ्रेंच वैद्यानें अन्ननलिका आणि छातींतील महारोहिणी या दोहोंस एका गिळलेल्या हाडानें भोंक पाडल्याची हकीकत प्रसिद्ध केली. या दुखण्याची ही पहिली नोंद म्हणून सर्व ग्रंथकार तिचा निर्देश करतात. त्यानंतर अशा हकीकती अधूनमधून छापल्या जात राहिल्या. त्या जवळजवळ सर्व शवपरीक्षेच्या टेबलावर लिहिलेल्या. जिवंत माणसाच्या छातींत काय चाललें आहे, हें ओळखणें कोणाच्याच आटोक्यांत नव्हतें.

कियारीचें महत्त्व येथेंच आहे. हा मूळचा व्हिएन्ना शहराचा. जन्म १८५१ चा. पुढें तो प्राग येथें आणि नंतर त्या वेळीं जर्मनीच्या ताब्यांत असलेल्या स्ट्रासबर्ग येथें अध्यापक झाला, व तेथेंच १९१६ त वारला. मेंदूच्या आणि यकृताच्या दोन विकारांना त्याचें नांव चिकटलेलें आहे. सारा जन्म त्यानें प्रेतांची चिकित्सा केली. पण या प्रकरणीं त्यानें नुसतें प्रेत पाहिलें नाहीं, तर तें प्रेत होण्यापूर्वींच्या दिवसांची हकीकत जुळविली. तेव्हां त्याच्या लक्षांत आलें कीं, मृत्यु एका क्षणांत येतो खरा, पण तो आपला निरोप आधीं धाडतो. पहिल्या थोड्याशा रक्तस्रावाला वैद्य आतां पूर्वसूचक रक्तस्राव म्हणतात. घरची माणसें ज्या दिवसांत देवापुढें साखर ठेवतात, तेच दिवस डॉक्टरास रोगी वांचविण्यासाठीं मिळालेले असतात. इतिहास शिकवितांना मीं मुलांना अनेकदां सांगितलें असेल कीं, तहानंतरचा शांततेचा काळ हाच फार धोक्याचा. तें आपल्या घरांतहि खरें असेल, हें मात्र मला तेव्हां सुचलें नाहीं.

परंतु निरोप वाचतां आला तरी करावयाचें काय? १९१४ त याचें उत्तर नव्हतें. जें कांहीं साधण्यासारखें होतें तें एवढेंच कीं, हाड महारोहिणीपर्यंत पोंचण्यापूर्वींच, डोळ्यांनीं पाहून, अलगद बाहेर काढावें. या कामाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १८६८ मध्यें फ्रायबुर्ग येथील कुस्मौल या वैद्यास अन्ननलिकेंत सरळ नळी घालून आंत पाहण्याची इच्छा झाली; पण अशी नळी निमूटपणें गिळणार कोण? शेवटीं त्यानें एका तरवार गिळणाऱ्या खेळकऱ्यास बोलाविलें. मान मागें टाकून सरळ लोखंड गिळण्याचा सराव असलेल्या त्या माणसानें ती नळी गिळून दाखविली, आणि नळी आंत जाऊं शकते हें सिद्ध झालें. उजेड मात्र अपुरा पडला. १८८१ त व्हिएन्ना येथें मिकुलिच यानें विजेच्या उजेडाची नळी तयार केली. १८९५ त रंटगेननें क्ष-किरण शोधले, आणि नाणीं, टांचण्या, खिळे हीं आंत कोठें आहेत तें बाहेरून दिसूं लागलें. (माशाचें बारीक हाड मात्र साध्या क्ष-किरणचित्रांत पुष्कळदां दिसत नाहीं. १९७१ त लंडनमध्यें प्रथम वापरलेल्या संगणकीय क्ष-किरणयंत्रानें, ज्याला सर्व लोक आतां सीटी स्कॅन म्हणतात, त्यानें ही उणीव बरीचशी भरून काढली.)

या मार्गावरचा सर्वांत मोठा पुरुष म्हणजे अमेरिकेंतील शेव्हॅलियर जॅक्सन. १८६५ त पिट्सबर्ग येथें जन्मलेला हा मुलगा अंगानें किरकोळ. शाळेंतील दांडगी मुलें त्याला फार छळीत. पुढें फिलाडेल्फियांत वैद्यक शिकून १८८६ त तो पदवीधर झाला. टोंकाशीं बारीक दिवा असलेल्या नळ्या आणि अनेक प्रकारचे चिमटे त्यानें स्वतः योजून तयार करविले. एखादें चमत्कारिक आकाराचें वस्तुजात मुलाच्या छातींत अडकलें कीं, तो तशीच दुसरी वस्तु मिळवून ती कशी धरावी, कशी फिरवावी, याचा आधीं सराव करी आणि मगच मुलाला हात लावी. उघड्या सेफ्टी पिनेविषयीं त्याचा एक सिद्धान्त विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे. टोंक पुढें असेल तर तें भोंसकतें, टोंक मागें असेल तर तें नुसतें घसटत येतें. म्हणून वर तोंड करून बसलेली उघडी पिन सरळ ओढूं नये; ती पोटांत नेऊन तेथें फिरवावी, आणि टोंक मागें राहील अशा रीतीनें बाहेर आणावी. महारोहिणीच्या शेजारीं बसून काम करणाऱ्या माणसाला हा सिद्धान्त किती मोलाचा, हें सांगावयास नको.

हा गृहस्थ जरा विक्षिप्तहि होता. काढलेली प्रत्येक वस्तु तो ठेवून घेई. मागितली तरी परत देत नसे. नाणीं, गुंड्या, हाडें, खेळण्यांचे तुकडे, दांतांच्या कवळ्या अशा दोन हजारांहून अधिक वस्तू त्यानें फिलाडेल्फियांतील म्यूटर संग्रहालयास दिल्या, आणि तेथें त्या खणाखणांत मांडून ठेविल्या आहेत. मला हा हट्ट पटतो. वर्गांत मुलांना दाखवावयास खरी वस्तु असली म्हणजे शंभर व्याख्यानांचें काम होतें. टांचण्या ओठांत धरून काम करूं नका, असें तो जन्मभर सांगत आला. साडीला पिना लावतांना आमच्या लेकीसुना त्या ओठांत धरतात, हें पाहिलें कीं मला जॅक्सनचे ते खण डोळ्यांपुढें दिसतात. (आम्हां म्हाताऱ्यांनींहि हंसूं नये. तारेच्या आंकड्याची एक-दोन दांतांची कवळी तोंडांत ठेवून झोंपणारे आम्हीच, आणि तिचा प्लॅस्टिकसारखा भाग क्ष-किरणांत दिसतहि नाहीं.)

जॅक्सनची आणखी एक कामगिरी सांगतों, कारण पुढें तिचा संबंध येणार आहे. त्या काळीं अमेरिकेंत घर धुण्यासाठीं जहाल कॉस्टिकची भुकटी किराणा मालाच्या दुकानांत साध्या डब्यांतून मिळे. मुलें ती साखर समजून तोंडांत टाकीत. अन्ननलिका भाजून आंखडे आणि पाण्याचा थेंबहि उतरत नसे. अशा एका सात वर्षांच्या मुलीची अन्ननलिका जॅक्सननें नळी घालून मोकळी केली. पेलाभर पाणी दिल्यावर ती भीतभीत एक घोट प्याली. तो खालीं उतरला असें पाहून तिनें त्याचा हात हातांत घेतला आणि त्याचें चुंबन घेतलें. ही आठवण त्यानें १९३८ त प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. पण तो एका मुलीवर थांबला नाहीं. अशा डब्यांवर विष म्हणून स्पष्ट लिहिलें पाहिजे, यासाठीं तो कित्येक वर्षें कायदेमंडळांचे उंबरठे झिजवीत राहिला, आणि १९२७ त तसा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसनें केला. हातानें शेंकडों मुलें वांचविणाऱ्या माणसानें कागदावरच्या एका ओळीनें त्याहून अधिक वांचविलीं असतील. १९५८ त, ब्याण्णव वर्षांचा होऊन, तो वारला.

जॅक्सनमुळें हाड वेळेवर निघूं लागलें. परंतु महारोहिणीला एकदां भोंक पडलें तर तोहि हतबल होता. छाती उघडून महारोहिणी शिवणें, तिचा कुजलेला तुकडा कापून कृत्रिम धाग्याची विणलेली नळी बसविणें, हें १९५० नंतरच्या दशकांत हळूहळू साध्य झालें. तरी या दुखण्यांत एक निराळीच पंचाईत होती. ज्या जागीं नळी बसवावयाची ती जागा पुवानें भरलेली, आणि शेजारची अन्ननलिका फुटलेली. घाणींत शिवलेलें कापड टिकावें कसें? रक्त थांबविण्यास वेळ मिळेना, वेळ मिळाला तर जंतु आवरेनात. गिळलेल्या वस्तूमुळें अन्ननलिका आणि महारोहिणी यांच्यामध्यें वाट पडली असतांना वांचलेल्या माणसाची पहिली नोंद १९८० सालची आहे. स्टेर्टेको आणि मोक या दोन शल्यवैद्यांनीं ती प्रसिद्ध केली. द्युब्रुईच्या हकीकतीपासून मोजलें तर एकशें बासष्ट वर्षें झालीं. एका दुखण्यांतून एक मनुष्य वांचण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागावा, याची तुलना मला दुसऱ्या कशाशीं करतां आली नाहीं.

त्यानंतर मात्र वाट लवकर सुधारली. १९८७ त खार्किव्ह येथील व्होलोदोस या शल्यवैद्यानें छाती न उघडतां, मांडीच्या वाहिनींतून तारेच्या सांगाड्यावरची कापडी नळी सरकवीत नेऊन महारोहिणीला आंतून अस्तर लावलें. आतां अशा रोग्यास प्रथम हें अस्तर लावून रक्त थांबवितात, मग सवडीनें अन्ननलिका दुरुस्त करतात, पू काढतात आणि दीर्घकाळ जंतुनाशक औषधें देतात. सर्वच वांचतात असें नाहीं. परंतु तो मधला स्वस्थ काळ आतां रिकामा जात नाहीं. त्या काळांत करण्यासारखें कांहीं उत्पन्न झालें आहे. अट एवढीच कीं, तो काळ कसला आहे हें कोणी तरी ओळखलें पाहिजे.

हाडाची गोष्ट येथें संपली असती. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघर एक नवी वस्तु आली आहे आणि तिला टोंक नाहीं, धार नाहीं, ती रुपयासारखी गोल, गुळगुळीत आहे. खेळण्यांत, वजनकांट्यांत, मोटारीच्या किल्लींत, गाणाऱ्या शुभेच्छापत्रांत बसविलेली ती चपटी लिथियम बॅटरी. तिच्यांतली मोठी, वीस मिलिमीटर व्यासाची, सर्वांत धोक्याची; कारण ती लहान मुलाच्या अन्ननलिकेंत नेमकी अडकते. अडकली कीं तिच्या दोन बाजूंमधून ओल्या मांसांतून वीज वाहूं लागते, आणि ऋण बाजूस जहाल क्षार तयार होतो. जॅक्सनच्या मुलांनीं डब्यांतून खाल्लेला तोच दाहक पदार्थ आतां मुलाच्या गळ्यांतच तयार होतो. बॅटरी फुटावी लागत नाहीं. खेळणें चालेनासें झालें म्हणून फेंकलेल्या बॅटरींतहि याला पुरेल इतकी वीज उरलेली असते. दोन तासांत भाजण्यास आरंभ होतो. आणि बॅटरी काढली म्हणजे संपलें असेंहि नाहीं. भाजलेला भाग पुढें कित्येक दिवस, कधीं आठवडे, आंत कुजत जाऊन महारोहिणीपर्यंत पोंचतो. मूल घरीं खेळत असतें, जेवत असतें, आणि मग रक्त येतें. शंभर वर्षांपूर्वीं कियारीनें हाडासंबंधानें लिहिलेला क्रम जशाचा तसा!

क्ष-किरणचित्रांत ही बॅटरी नाण्यासारखी दिसते. पण नीट पाहिल्यास तिच्या कडेला दुहेरी वर्तुळ असतें. म्हणून "मुलानें नाणें गिळलें असेल, पडून जाईल" हें वाक्य कोणत्याहि घरांत उच्चारलें जाऊं नये. चित्र काढून घ्यावें, आणि तेंहि त्याच तासाला. अमेरिकेंत २०२० त एक लहानगी मुलगी अशी दगावली. तिच्या आईनें धरलेल्या आग्रहामुळें, घरांतील वस्तूंच्या बॅटरीचें झांकण मुलास उघडतां येऊं नये असा कायदा २०२२ त तेथें झाला, आणि त्याला त्या मुलीचेंच नांव आहे. जॅक्सनचा कायदा आणि हा कायदा यांत पंचाण्णव वर्षांचें अंतर आहे, विष एकच.

आणखी एक गोष्ट मला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २०१८ त अमेरिकेंतील कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीं प्रयोग करून दाखविलें कीं, इस्पितळांत पोंचेपर्यंत मुलाला मध चाटविला तर बॅटरीनें होणारी भाजणी कमी होते. एक वर्षावरील मूल, गिळून बारा तासांच्या आंतील वेळ, आणि मुलास गिळतां येत असेल, तर दर दहा मिनिटांनीं दोन चहाचे चमचे, फार तर सहा वेळां, असें तेथील विषोपचार केंद्र सांगतें. मात्र मधासाठीं पांच मिनिटेंहि थांबावयाचें नाहीं, वाटेंत द्यावयाचा. सुश्रुताच्या त्याच अध्यायांत, शल्य काढल्यावर घसा जखमी झाला असेल तर मध आणि तूप चाटावयास द्यावें, असें लिहिलें आहे. तेवढ्यावरून आमच्या पूर्वजांना बॅटऱ्या ठाऊक होत्या असें कृपा करून कोणी म्हणूं नये! पण वाचतांना मला बरें वाटलें, हें कबूल करतों.

कियारीचें तें पान वाचल्यावर कांहीं दिवसांनीं मीं तें आईला सांगितलें. ती तेव्हां ऐक्याऐंशीं वर्षांची होती. मामा तिचा पाठचा भाऊ. तिनें सर्व ऐकून घेतलें. महारोहिणी कोठें असते तें स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलें. मग म्हणाली, "रक्त पडलें त्या दिवशीं त्याला मुंबईस नेला असता, तर वांचला असता काय रे?"

मीं सांगितलें, "नाहीं आई. १९६९ सालीं या दुखण्यांतून जगांत कोठेंहि कोणी वांचल्याची नोंद नाहीं. पहिला वांचला तो त्यानंतर अकरा वर्षांनीं."

तिला तें पटलेलें दिसलें. बराच वेळ ती गप्प होती. मग तिनें दुसरा प्रश्न विचारला, "आणि आधीं? पहिल्याच दिवशीं तो कांटा काढला असता तर?"

जॅक्सनच्या नळ्या तेव्हां मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत होत्या. भाताचा गोळा त्या रात्रीं तिनेंच वळून दिला होता. मीं तिला सांगितलें कीं, एवढ्या वर्षांनंतर तें कोणासच सांगतां येणार नाहीं. आणि उठून तिच्यासाठीं चहा ठेवला.